नाचायला हवेत, राहायला नकोत

जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला १९८९ साली आफ्रिका फेस्टिवल सुरू झाला. मेन नदीकाठी संगीत, बाजार, खाणंपिणं. आपले आयटीवाले तिथून रील टाकतात, ‘काय एनर्जी!’

मी समुद्रपूरचा. पुण्यात नोकरीला आलो, तेव्हा आमच्या सोसायटीने एका नायजेरियन विद्यार्थ्याला खोली नाकारली. ‘हे लोक कसे असतात, माहीत आहे ना,’ एवढंच कारण. माझं वऱ्हाडी बोलणं ऐकून हसणाऱ्यांचीच ती मीटिंग. तरी मी गप्प बसलो. महिनाभराने त्याच ग्रुपवर कुणीतरी बर्ना बॉयचं गाणं टाकलं. सगळ्यांनी हार्ट दिले.

फेस्टिवलने निदान ओळख तरी होते, असं म्हणाल. होते, पण तिकिटापुरती. युरोपातही स्टेज तयार असतं आणि कलाकाराचा व्हिसा अडकतो.

आपल्याला तर आफ्रिका शोधायला तिकडे जायचीही गरज नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. ज्याने आपल्याला अख्खं शहर दिलं, त्याच्या खंडातल्या पोराला आपण दहा बाय दहाची खोली देत नाही.

पुढच्या मीटिंगला मी बोलणार आहे. तुमच्या सोसायटीत कोण बोलेल?