दर्शनाचा दर

लोधिवलीच्या माणसाला रस्त्याचे दोन भाव शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. गावाजवळून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. त्यावर एस. टी. धावते, मालमोटारी धावतात, पाताळगंगा-रसायनी पट्ट्यातील पाळी संपवून घरी निघालेला कंत्राटी कामगार मोटारसायकल हाकतो. फार दूर नाही अशा अंतरावरून २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग जातो. तेथे खालापूरच्या नाक्यावर टोल भरला की वेग विकत मिळतो. मोटारसायकल, रिक्षा, बैलगाडी व पायी चालणारा यांस त्या मार्गावर मज्जाव आहे. सुरक्षिततेचे कारण त्यामागे आहे आणि ते खोटे नाही. तरीही ज्याच्या खिशात पैसा त्याचा प्रवास अर्ध्या वेळात, आणि ज्याच्या शेतावरून तो रस्ता गेला त्याने खालच्या वाटेने जावे, ही व्यवस्था तालुक्याच्या अंगवळणी पडली आहे.

जुन्या रस्त्याने खोपोलीकडे निघाले, खालापूर मागे टाकले, की महडचा फाटा लागतो. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे हे स्थान. कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ मध्ये येथे देऊळ बांधले, आणि १८९२ पासून तेथे नंदादीप अखंड तेवत असल्याचे सांगतात. महडची ख्याती मात्र बांधकामासाठी किंवा दिव्यासाठी तेवढी नाही, जेवढी एका साध्या रीतीसाठी आहे. परंपरेने या देवळात भाविकाला गाभाऱ्यात जाऊन स्वहस्ते पूजा करण्याची मुभा राहिली. मध्ये कोणी नाही. पंचक्रोशीतील ठाकूर, कातकरी, आगरी, मराठा, मुंबईहून आलेला गिरणीकामगार, सर्वांच्या मनात या देवाबद्दल जी जवळीक आहे तिचे मूळ येथे असावे. मोठमोठ्या देवस्थानांत आज जे चालले आहे त्याचे मोजमाप घ्यावयाचे तर हे लहानसे देऊळ उत्तम माप ठरते.

त्र्यंबकेश्वराचे उदाहरण घ्यावे. नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतलेले हे देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. म्हणजे ते सर्व देशाच्या मालकीचे, निदान देखरेखीचे, आहे. तेथे दोनशे रुपयांची ‘देणगी’ देणाऱ्यास वेगळ्या वाटेने लवकर दर्शन देण्याची पद्धत ट्रस्टने रूढ केली. २०२२ मध्ये तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. शिर्डीत दर्शनाचे व आरतीचे सशुल्क पास मिळतात. ज्या फकिराने भिक्षा मागून आयुष्य काढले आणि १९१८ च्या दसऱ्याला देह ठेवला, त्याच्या समाधीपुढे लवकर उभे राहण्याची किंमत ठरते, हा काव्यगत न्याय म्हणावा की अन्याय, हे साईभक्तांनीच ठरवावे.

या शुल्काला ‘देणगी’ म्हणण्यात फार मोठी लबाडी आहे. देणगी देणारा बदल्यात काही मागत नाही. येथे मोबदला ठरलेला, दर ठरलेला, वेळ ठरलेली. मराठीत याला विक्री म्हणतात. पूर्वी पुजाऱ्याच्या मुठीत गुपचूप सरकवलेली नोट हा भ्रष्टाचार होता, आणि देणाऱ्यालाही तो मनातून ठाऊक होता. आता त्याच नोटेची छापील पावती मिळते. भ्रष्टाचार संपला असे समाधान व्यवस्थापनाला वाटते. प्रत्यक्षात तो नियम झाला आहे.

विक्री कशाची होते हेही नीट पाहावयास हवे. दर्शनाची जागा मर्यादित, दिवसाचे तास मर्यादित. दुसऱ्या वाटेने पन्नास माणसे आत घेतली तर पहिल्या वाटेवरची पन्नास माणसे तेवढा वेळ थांबविली जातात. म्हणजे पास घेणारा जे विकत घेतो ते देवस्थानाच्या मालकीचे नसतेच. तो रांगेतल्या माणसाचा वेळ विकत घेतो, आणि पैसे तिसऱ्याच्या पेटीत पडतात. ज्याचा वेळ गेला त्याला कोणी विचारलेले नसते. कारखान्यात मजुराचे श्रम विकत घेणारा मालक निदान मजुराच्या हातावर काही टेकवितो!

‘ज्याला घाई आहे त्याने पैसे द्यावेत, ज्याला नाही त्याने थांबावे, यात कोणाचे काय बिघडले?’ असा प्रश्न सुशिक्षित मंडळी विचारतात. या प्रश्नात गृहीत धरले आहे की गरिबाला घाई नसते. लोधिवली-चौक परिसरातील रोजंदारीवरील बाईने एक दिवस देवाला दिला तर तिचा एक रोज बुडतो. पगारी रजा तिला माहीत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आली होती. त्या हिशेबाने चार माणसांच्या कुटुंबाला दोनशेप्रमाणे आठशे रुपये, म्हणजे अडीच दिवसांची मजुरी, मोजावी लागते. मुंबईतील बऱ्या पगाराच्या अधिकाऱ्याला तेवढेच आठशे रुपये हॉटेलातील एका जेवणाएवढेही वाटत नाहीत. तेव्हा घाई कोणाला अधिक हे या दराने ठरत नाही. पैसा कोणाला कमी जड हे ठरते.

गरज पाहून पुढे घेण्यास कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. गर्भवती, तान्हे मूल कडेवर असलेली आई, अपंग, आजारी, ऐंशीच्या घरातील वृद्ध यांना रांगेतील माणसे कोणी न सांगताही वाट देतात. एस. टी.च्या रांगेत, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात हे रोज दिसते. गरजेला वाट देणे हा रांगेचा धर्मच आहे. समाजवादाची व्याख्या पुस्तकातून न वाचलेला माणूसही ती अशा वेळी आचरणात आणतो. पैशाला वाट देणे हा मात्र रांगेचा भंग होय.

रांग ही संस्था मुळात आधुनिक आणि लोकशाहीची. १९७२ च्या दुष्काळात धान्यासाठी, रॉकेलसाठी तासन्‌तास रांगा लागल्या तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. टंचाई सर्वांनी सारखी सोसावी, मागच्या दाराने माल जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. रांगेत उभे राहावे लागले म्हणून त्या चिडलेल्या नव्हत्या; रांग पुढे सरकत नाही आणि दुकानाच्या मागून पोती जातात, याचा तो संताप होता. चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

देवळांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने याहून मोठा हिशेब चुकता केला आहे. १९३० च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. पंढरपूरला साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले, ते १० मे रोजी सुटले आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. स्वातंत्र्य अवघ्या तीन महिन्यांवर आले असताना गुरुजींनी आपला प्राण या प्रश्नासाठी पणाला लावावा, याचा अर्थ काय? देवापुढे माणसामाणसांत भेद राहिला तर येणारे स्वातंत्र्य अपुरे ठरेल, एवढाच त्याचा अर्थ. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. ज्या भेदाने त्यांना बाहेर ठेवले तो जातीचा होता. आजचा भेद दराचा आहे. दोन्ही सारखे आहेत असे म्हणणे जातीच्या यातनेचा अवमान करण्यासारखे होईल, आणि तसे कोणी म्हणू नये. परंतु उघडलेल्या दाराला पुन्हा दोन फाटे फुटत असताना गुरुजींचे नाव घेणाऱ्यांनी पाहत राहावे, हेही शोभत नाही.

सहली काढून युरोपला जाणारी मराठी मंडळी परत येऊन सांगतात की तिकडे कॅथेड्रलांनाही तिकीट असते, रांग टाळण्याचे वेगळे तिकीट असते. मग आपल्याकडेच आरडाओरड कशाला? सांगणे अर्धे खरे आहे. मिलानच्या कॅथेड्रलला तिकीट आहे. लंडनचे सेंट पॉल पाहावयास जाणाऱ्यास पैसे मोजावे लागतात. पण त्याच सेंट पॉलमध्ये उपासनेसाठी येणाऱ्याकडून शुल्क घेत नाहीत. म्हणजे तेथे जे विकले जाते ते वास्तू पाहणे, प्रार्थना नव्हे. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या संस्कृतिमंत्री राशिदा दाती यांनी पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत असे सुचविले. चर्चनेच नकार दिला: कॅथेड्रलचे दार सर्वांना मोफत उघडे राहील. धर्म आणि शासन यांची फारकत करणाऱ्या १९०५ च्या फ्रेंच कायद्याची परंपरा त्यामागे उभी होती. वेळ राखून ठेवण्याची सोय करण्यात आली, तीही विनामूल्य. इतके दूर तरी कशाला जावे? जुन्या गोव्यात १५६२ मध्ये बांधावयास घेतलेले से कॅथेड्रल आहे. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष दर्शनासाठी तेथे ठेवण्यात आले होते. एरवीही या कॅथेड्रलच्या दारात तिकीटखिडकी नाही.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. देऊळ पाहणे फुकट, देव पाहणे विकत.

देवस्थानांचे समर्थक रुग्णालये आणि अन्नछत्रे दाखवितात. शिर्डी संस्थानाचे रुग्णालय आहे, प्रसादालयात हजारो माणसे जेवतात. ही कामे चांगली आहेत. पण ती दानपेटीतून आणि खऱ्या देणग्यांतून चालली पाहिजेत, आणि चालू शकतात. ज्याला दोनशे रुपये द्यावयाचे आहेत त्याने ते पेटीत टाकावेत आणि रांगेत परत जाऊन उभे राहावे. असे सांगताच किती दाते उरतात ते पाहिले की देणगीचे सोंग किती खरे होते ते कळेल.

पैशाच्या वाटेबरोबर अधिकाराचीही वाट आहे. मंत्री, आमदार, न्यायाधीश, पोलीस अधिकारी, त्यांचे सगेसोयरे, त्यांच्या चिठ्ठ्या. प्रयागराजच्या कुंभात २९ जानेवारी २०२५ रोजी चेंगराचेंगरी होऊन सरकारी आकड्यानुसार ३० जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर शासनाने अतिविशेष व्यक्तींचे पास रद्द केले. हे शहाणपण आधी सुचले नाही! दोनच दिवसांनी, ३१ जानेवारीला, देवळांतील विशेष दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. अशी खास वागणूक असू नये असे मत न्यायालयाने व्यक्त केले, परंतु निर्देश देण्यास नकार दिला आणि निर्णय शासनावर व देवस्थानांवर सोडला. महाराष्ट्राला तर २५ जानेवारी २००५ चे मांढरदेव आठवावयास हवे. अडीचशेहून अधिक भाविक तेथे मेले. गर्दीच्या व्यवस्थेत हयगय झाली की तिची किंमत डोंगर चढून आलेला साधा भाविक देतो. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ येत आहे.

लोधिवली-चौकाच्या मुलखातून इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता ठरविण्यात आले. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता. मदत पायी चढली. मुख्यमंत्रीही पायीच चढले. त्या दिवशी त्या पाऊलवाटेला विशेष प्रवेशाची दुसरी वाट नव्हती. ठाकरांच्या वाड्या रस्त्यासाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी ज्या रांगेत उभ्या आहेत ती पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, कारण ज्यांच्या हाती ती हलविणे आहे त्यांना कोणत्याच रांगेत उभे राहावे लागत नाही. मुले वेगळ्या शाळेत, आजार वेगळ्या रुग्णालयात, प्रवास वेगळ्या रस्त्याने, आणि आता देवही वेगळ्या दाराने. रांगेत कधी उभा न राहिलेला माणूस रांग लहान करण्याचा विचार कशासाठी करील?

पंढरीच्या आषाढी महापूजेत रांगेतील एका वारकरी दांपत्याला मुख्यमंत्र्यांबरोबर मान देण्याची प्रथा आहे. रांगेचा मान शासनाला ठाऊक आहे, हे यावरून दिसते. मग तो महापूजेच्या पहाटे एका जोडप्यापुरता का?

पंढरपूरची मंदिरे १९७३ च्या, सिद्धिविनायक १९८० च्या आणि शिर्डी संस्थान २००४ च्या कायद्याने चालते. हे तिन्ही कायदे राज्याच्या विधिमंडळाने केलेले आहेत. त्यांत दुरुस्ती करण्यास दुसऱ्या कोणाची परवानगी नको. पैसे घेऊन वा पद पाहून दर्शनाचा क्रम बदलता येणार नाही, अग्रक्रम केवळ वय, आजार, अपंगत्व व मातृत्व यांनाच राहील, अशी दोन ओळींची तरतूद पुरे. खासगी विश्वस्तांच्या देवळांचा प्रश्न त्यानंतर धर्मादाय आयुक्तांमार्फत हाती घेता येईल. पक्षाच्या तालुका समित्यांनी यासाठी सह्या गोळा करावयाच्या तर संकष्टीच्या दिवशी महडच्या फाट्यावर उभे राहण्याइतकी चांगली जागा खालापूर तालुक्यात दुसरी नाही. तेथे माणसे आपणहून ओळीत उभी असतात, आणि त्यांना वेळ असतो.