फळ्यावरचे गणित आणि तालुक्यातला प्रश्न

तीन गोदामे आणि चार दुकाने. प्रत्येक गोदामातील साठा ठरलेला, प्रत्येक दुकानाची मागणी ठरलेली आणि एकेका क्विंटलच्या वाहतुकीचा खर्च तक्त्यात दिलेला. कमीत कमी खर्चात माल पोहोचविण्याची योजना आखा. वाणिज्य आणि अर्थशास्त्र शाखांच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण तोंडपाठ असते. प्रस्तुत लेखकाने ते गेली सोळा-सतरा वर्षे फळ्यावर सोडवून दाखविले आहे. उत्तर बरोबर येते, गुण मिळतात आणि वही मिटते.

ज्या वर्गात हे उदाहरण सोडविले जाते, त्याच्या खिडकीतून तालुक्याचे सरकारी धान्य गोदाम दिसते. तेथून धान्याच्या मालमोटारी रास्त भावाच्या दुकानांकडे निघतात. कोणती मोटार कोणत्या गावांना, कोणत्या क्रमाने आणि किती पोती घेऊन जावी, हे फळ्यावरचेच उदाहरण आहे. फरक एवढाच की येथील आकडे खरे आहेत आणि उत्तर चुकले तर कोणा मजूर बाईचा हेलपाटा होऊन तिची दिवसाची मजुरी बुडते. इतक्या वर्षांत आतले गणित त्या खिडकीबाहेर गेले नाही आणि बाहेरचा प्रश्न आत आला नाही. हे असे का झाले, याचा विचार शासनाने आणि त्याहूनही अधिक आम्हा प्राध्यापकांनी करावयास हवा.

'ऑपरेशन्स रिसर्च' या भारदस्त नावाने ओळखली जाणारी ही विद्या मुळात साध्या गरजेतून निघाली आहे. माणसे, यंत्रे, पैसा आणि वेळ ही साधने अपुरी असतात. त्यांची वाटणी कशी करावी म्हणजे हाती असलेल्यात जास्तीत जास्त साधेल, हे मोजून ठरविण्याचे ते शास्त्र होय. घरखर्च चालविणारी गृहिणी हाच विचार अंदाजाने करते. हे शास्त्र तो गणिताने करते, कारण शेकडो पर्याय एकमेकांत गुंतले की अंदाज अपुरा पडतो.

या शास्त्राचा जन्म विद्यापीठाच्या बंद दालनात झालेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लेनिनग्राड विद्यापीठातील तरुण गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे एका प्लायवुड उद्योगाची मंडळी आपली अडचण घेऊन आली होती. निरनिराळ्या जातींचे लाकूड, निरनिराळ्या क्षमतेची यंत्रे. कोणते लाकूड कोणत्या यंत्रावर चढवावे म्हणजे उत्पादन सर्वाधिक होईल? या प्रश्नाच्या निमित्ताने त्यांनी जी पद्धत शोधली, ती १९३९ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. पुढे १९७५ साली त्यांना ट्यालिंग कूपमन्स यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने ब्रिटिश नौदलासाठी असेच काम केले. पाणबुड्यांच्या हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजांची संख्या ताफ्याच्या आकाराबरोबर वाढत नाही, असे नोंदींवरून त्यांना आढळले. म्हणून त्यांनी मोठे ताफे धाडण्याचा सल्ला दिला. दोन्ही ठिकाणी प्रश्न बाहेरून आला, आकडे बाहेरून आले आणि विद्वानाने ते ऐकून घेतले.

आपल्याकडेही ही विद्या नवी नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने तिला आश्रय दिला. या विषयाची अखिल भारतीय संघटना १९५७ पासून कार्यरत आहे. तथापि ही विद्या मोठ्या संस्था आणि मोठे कारखाने यांच्यातच वावरली. तालुक्याच्या महाविद्यालयात ती पोहोचली ती केवळ प्रश्नपत्रिकेच्या रूपाने.

अलीकडच्या काळातील दोन उदाहरणे मात्र आशादायक आहेत. पहिले आपल्याच राज्यातले. मुंबईच्या आयआयटीतील अध्यापक आणि संशोधकांनी ग्रामीण नळपाणी योजनांच्या आखणीसाठी 'जलतंत्र' नावाची संगणकीय प्रणाली तयार केली. उंचावरील टाकीतून उताराने पाणी गावोगाव न्यावयाचे, तर नळाचा व्यास किती ठेवावा? रुंद नळ महाग पडतो. अरुंद नळात घर्षणामुळे दाब घटतो आणि टोकाच्या वस्तीपर्यंत पाणी चढत नाही. योजनेत नळाचे शंभर तुकडे असले आणि प्रत्येकासाठी बाजारात आठ-दहा व्यास उपलब्ध असले, तर पर्यायांची संख्या माणसाच्या मोजणीपलीकडे जाते. 'जलतंत्र' त्यांतून दाबाची अट पाळणारी सर्वांत स्वस्त रचना शोधून देते, आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येते.

दुसरे उदाहरण धान्याचे. केंद्र शासनाच्या अन्न विभागाने जागतिक अन्न कार्यक्रम आणि दिल्लीच्या आयआयटीतील एक प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने 'अन्नचक्र' ही प्रणाली डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केली. कोणत्या गोदामातून कोणत्या दुकानाला धान्य जावे, हे ती ठरवून देते. तीस राज्यांतील पाहणीवरून वर्षाला सुमारे २५० कोटी रुपये वाचतील, असे शासनाने त्या वेळी सांगितले. आमच्या फळ्यावरचे उदाहरण देशाच्या पातळीवर सुटले, याचा आनंद अर्थशास्त्राच्या शिक्षकाला झाल्यावाचून कसा राहील?

परंतु येथेच एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे वाटते. हे शास्त्र 'सर्वांत कमी खर्च' शोधून देते. तो खर्च कोणाचा, हे ते सांगत नाही. ते आपण ठरवावयाचे असते. धान्याचा हिशेब गोदामापासून दुकानापर्यंत होतो. दुकानापासून वाडीपर्यंतचे चार मैल डोक्यावरून जे ओझे जाते, त्याची नोंद कोणत्याच तक्त्यात नसते. पाण्याचेही तसेच. प्रत्येक गाव आपल्या वाट्याचेच पाणी घेईल, असे गृहीत धरून नळांची आखणी होते. प्रत्यक्षात वरच्या गावाने झडप अधिक सोडली की शेवटच्या वस्तीचे नळ कोरडे पडतात. हिशेबात न धरलेला खर्च नाहीसा होत नाही. ज्याची दाद लागत नाही त्याच्या अंगावर तो जाऊन पडतो.

हा न दिसणारा खर्च दिल्लीतून दिसणे कठीण. तो पाहू शकतील ती त्याच तालुक्यात राहणारी आणि त्याच वाड्यांवरून महाविद्यालयात येणारी मुले. काही वर्षांपूर्वी आम्ही काही विद्यार्थ्यांना धान्यवाटपाचा अभ्यास करण्यास सांगितले. एका कार्यालयात त्यांनी वाहतुकीचे वेळापत्रक मागितले, तेव्हा "वरून पत्र आणा" असे उत्तर मिळाले. पत्र आले नाही. अखेर मुले वह्या घेऊन दुकानांसमोर बसली. धान्य आले असेल या आशेने बायका येत होत्या आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत जात होत्या, असे त्यांना दिसले. त्यांच्या अहवालात एकच सूचना होती. मोटार कोणत्या दिवशी येणार ते ठरवावे आणि आदल्या दिवशी गावात कळवावे. तीत उच्च गणित नव्हते; पण खरा प्रश्न कोठे आहे, हे त्या मुलांना कळले होते. तो अहवाल आमच्या कपाटात आहे. कार्यालयाने तो मागितला नाही, आणि आम्हीही तो नेऊन दिला नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

अशा कामाला चौकटच नाही, असे मात्र नाही. राज्य शासनाने २०१६ साली 'उन्नत महाराष्ट्र अभियान' हाती घेतले. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपापल्या जिल्ह्यांतील विकासाचे प्रश्न अभ्यासावेत, हा त्यामागील विचार. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांकही दिले आहेत. तथापि प्रश्न कोणी विचारावयाचा आणि उत्तराचे पुढे काय करावयाचे, हे निश्चित नसल्यामुळे प्रकल्प म्हणजे बांधणी केलेली एक चोपडी, एवढाच अर्थ बहुधा उरतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक तालुका कार्यालयाने दर वर्षी निदान एक खरा प्रश्न लेखी स्वरूपात जवळच्या महाविद्यालयाकडे द्यावा आणि त्यासोबत लागणारे आकडेही द्यावेत. व्यक्तींची नावे वगळून ते देण्यास कोणताही प्रत्यवाय नसावा. दुसरी, विद्यार्थ्यांचा अहवाल कार्यालयासमोर आणि ग्रामसभेसमोर मांडला जावा आणि कार्यालयाने ठराविक मुदतीत त्यास उत्तर द्यावे. सूचना अमान्य असेल तर कारण कळवावे. तिसरी, एक प्रश्न किमान तीन वर्षे चालू ठेवावा. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन जातात आणि अधिकारी बदलून जातात. सातत्य राखण्याची जबाबदारी महाविद्यालयावरच येते. अवघड गणितासाठी विद्यापीठाच्या विभागाने पाठीशी उभे राहावे.

यावर आक्षेप येतील. विद्यार्थ्यांचे काम कच्चे असते, असे अधिकारी म्हणतील. ते खरे आहे. म्हणूनच ते तपासून घेणारे शिक्षक हवेत. अध्यापनाच्या भारातून वेळ कोठून आणावा, असे माझे सहकारी विचारतील. रिक्त जागांवर वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भागविले जात असताना या प्रश्नात तथ्य आहे, आणि शासनाने भागीदारीची अपेक्षा धरताना ते विसरून चालणार नाही. परंतु त्याच त्या कल्पित गोदामांची उदाहरणे दर वर्षी नव्या आकड्यांनी रचण्यातही वेळ जातोच.

पुढच्या सत्रात तो धडा शिकविताना तीन गोदामे आणि चार दुकाने यांऐवजी तालुक्यातील दुकानांची खरी नावे आणि खरी अंतरे फळ्यावर लिहावीत, असे मी ठरविले आहे. अंतरे विद्यार्थीच मोजून आणतील. गोदामातील साठ्याचा रकाना मात्र तूर्त कोरा ठेवावा लागेल. तो भरणे कार्यालयाच्या हाती आहे. कपाटातला तो जुना अहवाल या वेळी आम्ही स्वतः तेथे नेऊन देणार आहोत.