क्वेकर महाविद्यालयांची जमा आणि नावे



एखादी शिक्षणसंस्था कोणती मूल्ये मानते, हे नुसते तिच्या माहितीपुस्तिकेत वाचून कळत नाही. तिच्या हजेरीपटावर कोणाची मुले आहेत, तेही पाहावे लागते. अमेरिकेतील क्वेकर पंथाच्या महाविद्यालयांचा हिशोब आज असाच तपासू या.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक लहान पंथ. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांनी तो सुरू केला. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश आहे, ही त्यांची मूळ धारणा. मग पाद्री कशाला आणि उच्चनीच तरी कशाला? त्यांच्या जुन्या पद्धतीच्या प्रार्थनेत सारे मुकाट बसतात. ज्याला आतून वाटेल तो, बाई असो वा पुरुष, उठून बोलतो. सुरुवातीच्या काळात हे लोक बड्या सरदारापुढेही टोपी काढीत नसत, त्यालाही 'तू' म्हणत. त्यापायी अनेकांनी तुरुंगवास भोगला. त्यांच्या कामकाजाच्या सभेत मतदान नसते, सर्वांचे एक होईपर्यंत चर्चा चालते. आणि सभा चालविणाऱ्यास ते अध्यक्ष म्हणत नाहीत, क्लार्क म्हणतात! आपल्यातील कारकून मंडळींना हे वाचून बरे वाटेल.

आता जमेची बाजू पाहू. फिलाडेल्फियाजवळचे हॅवरफर्ड कॉलेज १८३३ सालचे. तेथे परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. विद्यार्थ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो आणि या सचोटीच्या नियमावलीला विद्यार्थी स्वतःच दरवर्षी सभा घेऊन मान्यता देतात. इंडियाना राज्यातील अर्लहॅम कॉलेजात प्राध्यापकालाही सारे पहिल्या नावाने हाक मारतात, पदवीचा मान वेगळा नाही. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या स्वार्थमोर कॉलेजात पहिल्या दिवसापासून मुलगे आणि मुली एकत्र शिकले. त्याच्या संस्थापकांत गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ल्युक्रेशिया मॉट होत्या.

जमेची सर्वांत मोठी रक्कम मात्र वेगळीच आहे. रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकर चांदीकारागिराने मृत्युपत्रात काळ्या मुलांच्या शिक्षणासाठी १०,००० डॉलर ठेवले. त्यातून १८३७ मध्ये फिलाडेल्फियाची संस्था उभी राहिली. आज ती चेनी विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि सरकारी आहे. फॅनी जॅक्सन या तेथे शिकवायला आल्या. त्या जन्माने गुलाम होत्या. त्यांच्या मावशीने १२५ डॉलर मोजून त्यांना सोडविले होते. मोलमजुरी करीत त्या शिकल्या, १८६५ मध्ये पदवीधर झाल्या आणि १८६९ मध्ये या संस्थेच्या मुख्याध्यापिका झाल्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी तो कारभार पाहिला.

आता नावेची बाजू. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ मध्ये ठराव केला की, गुलाम बाळगणाऱ्यास पंथात जागा नाही. पण त्याच शहरातील प्रार्थनागृहात काळ्या माणसांसाठी बाक मात्र वेगळा होता! सारा मॅप्स डग्लस या लहानपणी आईबरोबर त्या बाकावर बसत. पुढे त्यांनी ती वेदना उघडपणे लिहिली. याच सारा पुढे हम्फ्रीज यांच्या पैशातून निघालेल्या संस्थेत शिक्षिका होत्या.

महाविद्यालयांचीही तीच तऱ्हा. नॉर्थ कॅरोलिनातील गिलफर्डच्या परिसरात पळून आलेल्या गुलामांना क्वेकरांनी आसरा दिला. तेथील शाळा १८३७ ची, पुढे तिचेच कॉलेज झाले. पण काळ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश मिळाला तो १९६२ मध्ये! एका क्वेकर डॉक्टरच्या पैशातून मुलींसाठी उघडलेल्या ब्रिन मॉर कॉलेजचे काम १८८५ मध्ये सुरू झाले. तेथून पहिली काळी मुलगी पदवीधर झाली १९३१ मध्ये. ज्या प्राचार्यांनी ते नावारूपाला आणले, त्या केरी थॉमस वंशभेद मानणाऱ्या होत्या. म्हणून २०१८ मध्ये कॉलेजने ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीला असलेले त्यांचे नाव वापरणे थांबविले.

मग या लोकांची मूल्ये खोटी होती काय? तसे म्हणता येणार नाही. ती खरी होती म्हणूनच साराबाईंना त्यांना जाब विचारता आला. ज्याने समतेचे वचन दिलेच नाही, त्याच्याकडे थकबाकी तरी कशी मागणार? परंतु गुलामाला मुक्त करणे निराळे आणि त्याच्या मुलीला आपल्या मुलीशेजारी वर्गात बसविणे निराळे. पहिल्याला दया पुरते. दुसऱ्यासाठी आपली जागा थोडी सोडावी लागते, आणि तेथेच भलेभले अडखळले.

आज रात्री जेवताना मुलाबाळांना फॅनीबाईंची गोष्ट जरूर सांगा. मावशीने मोजलेल्या १२५ डॉलरचे पुढे काय झाले, तेही सांगा. आणि त्या वेगळ्या बाकाची गोष्टही वगळू नका.