गाठ डोक्यात, बोल मात्र सुनेला!

लग्नाला चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की वस्तीत कुजबूज सुरू होते. सुनेची पाळी बंद आहे, मूल नसताना स्तनातून दूध येते, हे समजले की अंगारे-धुपारे होतात. शेवटी कोणीतरी मुलाला सांगते, "दुसरी कर." आम्ही म्हणतो, त्याआधी त्या मुलीच्या रक्ताची प्रोलॅक्टिन तपासणी तरी करा!

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. शरीराची वाढ, पाळी, दूध, थायरॉईड या सर्व खात्यांचे हे हेडऑफिसच. तिच्यात कधी गाठ होते आणि ती एखादा रस गरजेपेक्षा जास्त सोडू लागते. 'गाठ' ऐकून घरचे हाय खातात. पण या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात.

उपचार मात्र गाठीच्या प्रकारावर ठरतो.

सर्वांत जास्त आढळणारी गाठ प्रोलॅक्टिनची. तिला बहुधा ऑपरेशन लागत नाही. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एक-दोनदा घ्यायची, किंवा ब्रोमोक्रिप्टिन रोज. बहुतेकांची गाठ आकसते, पाळी परत येते, मूलही होऊ शकते. पण बरे वाटले म्हणून गोळी मनाने सोडू नये. उपचार काही वर्षे चालतो. दिवस गेल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. गरोदरपणात, थायरॉईड कमी असल्यास आणि काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते. म्हणून आकडा वाढला म्हणजे गाठच, असे धरू नये. पुरुषांनाही हा आजार होतो, तेव्हा तपासणी नवऱ्याचीही करावी.

दुसरी गाठ वाढीच्या रसाची. मोठ्या माणसाची अंगठी निघेनाशी होते, चपलेचे माप वाढते, जबडा पुढे येतो. येथे प्रथम ऑपरेशन, तेही बहुधा नाकपुडीतून. कवटी उघडावी लागत नाही. गाठ उरली तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शने, नाहीतर किरणोपचार. किरणांचा गुण यायला वर्षे लागतात.

तिसरी गाठ कुशिंगच्या आजाराची. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने 1912 साली असा रुग्ण वर्णिला. चेहरा गोल, पोट मोठे, हातपाय बारीक, पोटावर रुंद जांभळे पट्टे. येथेही आधी ऑपरेशन. त्यानंतर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दिली असेल, तर ती चुकवणे जिवावर बेतू शकते. सांधेदुखीवर भोंदू डॉक्टरांच्या स्टिरॉइड मिसळलेल्या पुड्या बरेच दिवस खाल्ल्यानेही हीच लक्षणे दिसतात. अशा पुड्याही एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवाव्यात.

अचानक भयंकर डोके दुखून नजर कमी झाली, तर त्याच रात्री मोठे इस्पितळ गाठावे.

खर्चाचे काय? सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जावे. मुंबईच्या केईएममध्ये या ग्रंथींच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. ऑपरेशनला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते का, हे आरोग्यमित्राला आधी विचारावे. कामगारांनी ईएसआयचे कार्ड बरोबर न्यावे. सर्व रिपोर्ट एका फाईलीत, तारखेप्रमाणे लावावेत.

भगिनींनो, पाळी बंद होणे हा गुन्हा नाही, ते लक्षण आहे. आणि सासूबाईंनो, सुनेला बोल लावण्यापूर्वी तिच्याबरोबर इस्पितळाच्या रांगेत उभ्या राहा.