खलाशाचा अंगठा आणि बंदरातला कंटेनर



गेल्या आठवड्यात पहाटे चारला आम्हा कोळ्यांच्या जेटीवर एक बोट तपासणीत पावणेदोन तास अडकवून ठेवली. का, तर एका खलाशाचा अंगठा यंत्रावर उमटेना. पस्तीस वर्षं दोर ओढून आणि खारं पाणी खाऊन ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा उमटणार कसा? त्याने तो सदऱ्याला पुसला, पुन्हा टेकवला. लाल दिवा. खणातल्या बर्फाचं पाणी होत होतं, भरती हातची गेली. आणि याला म्हणे सागरी सुरक्षा!

तपासणी अमली पदार्थांसाठी, असं सांगतात. ते रोखायलाच हवेत. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली, दोनशे किलोंच्या वर. त्याच वाळूत आपली पोरं खेळतात. तेव्हा आमचं भांडण तपासणीशी नाही. लहान माणसाला अडवून मोठं काम केल्याचं समाधान मानण्याच्या सवयीशी आहे.

माल कुठून येतो ते पाहा. सप्टेंबर २०२१, मुंद्रा बंदर: दोन कंटेनर, कागदावर टाल्कचे दगड, आत २,९८८ किलो हेरॉइन. त्याच वर्षी जुलैत न्हावा-शेवा: सुमारे ३०० किलो. २०२२ मध्ये पुन्हा न्हावा-शेवा: सुमारे २२ टन ज्येष्ठमध, त्यावर हेरॉइनचा लेप. यांचे कागद चोख होते!

"पण बोटींतूनही माल येतोच ना?" येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातजवळच्या समुद्रात एका बोटीवर सुमारे ३,३०० किलो सापडला. ती बोट नौदलाने भर समुद्रात गाठली, जेटीवर अंगठे घेऊन नव्हे.

"खलाशांत घुसखोर लपतात." मग खलाशी कामावर ठेवतानाच, हंगामाआधी, दिवसाउजेडी कागद तपासा. नेपाळी खलाशी तर घुसखोरच नव्हे; त्याला इथे यायला व्हिसाही लागत नाही. आणि खोटं आधारकार्ड बोटीच्या खणात छापलं जात नाही, शहरातल्या दुकानात छापलं जातं. तिथे धाड घाला.

मोठा माल पकडला जातो तो बहुतेक खबरीवर. किनाऱ्याची खबर कोण देणार? २६/११ च्या हल्ल्यात 'कुबेर' बोटीवरचे पाच मच्छीमार सर्वांत आधी मारले गेले. ते दहा दहशतवादी मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा "कोण तुम्ही?" असं विचारणारे कोळीच होते. उलट १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, त्या प्रकरणात कस्टमचे अधिकारी आणि पोलीस दोषी ठरले. किनारा कोळ्याने विकला नव्हता, पहारेकऱ्याने विकला होता.

ज्या नाखव्याला रोज चोरासारखं उभं करता, तो रात्री अनोळखी बोट दिसल्यावर फोन कशाला करील? केलाच, तर "तू तिथे काय करत होतास?" हा पहिला प्रश्न त्याच्याच वाट्याला येणार. असा एकेक डोळा मिटत गेला की किनारा आंधळा होतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. अंगठा उमटला नाही तर ओळखपत्र पाहून बोट सोडा. खबर देणाऱ्याचं नाव गुप्त राहील, असा रात्रीही उचलला जाणारा फोन द्या. आणि जेटीवर दाखवता तेवढी चिकाटी कंटेनर उघडताना दाखवा.

पहारा आम्हालाही हवा. त्या पहाऱ्यात आम्हाला सोबत घ्या, रांगेत उभं करू नका.