वर काढणे म्हणजे वाचवणे नव्हे

सरोवराच्या तळातून एखादे जुने लष्करी विमान वर येतानाचे छायाचित्र मन वेधून घेते, यात नवल नाही. क्रेनच्या पट्ट्यांवर तोललेला सांगाडा, पंखांतून निथळणारे पाणी, काठावर टाळ्या वाजवणारी माणसे. अशी बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : भारतात हे का होत नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी विचारायला हवा असा दुसरा प्रश्न आहे : वर काढलेल्या विमानाचे दुसऱ्या दिवसापासून काय होते?

पीएच.डी.च्या काळात मी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या पृष्ठभागांवर काम करीत होते. एकदा घाईत हातमोजा न घालता एक नमुना उचलला. काही आठवड्यांनी पाहिले तर बोटाच्या ठशाच्या जागी पांढरे ठिपके उमटलेले. घामातले एवढेसे मीठ पुरेसे ठरले होते. तो नमुना टाकून द्यावा लागला. पाण्यातून निघालेल्या विमानांकडे मी तेव्हापासून जरा धास्तीनेच पाहते.

कारण विज्ञान तेच आहे. अॅल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा थर चढतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर, पण तेच त्याचे कवच. क्लोराइड आयन हे कवच कमकुवत जागी भेदतात. शिवाय विमानांचे ड्युरॅल्युमिन म्हणजे शुद्ध अॅल्युमिनियम नव्हे. त्यात सुमारे 4 टक्के तांबे असते. तांबेयुक्त कण आणि भोवतालचे अॅल्युमिनियम यांच्यात सूक्ष्म विद्युत्-घट तयार होतात आणि धातू आतून पोखरला जातो. गाळात रुतलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या भागांत ही प्रक्रिया मंदावते. विमान हवेत आले की ऑक्सिजन मुबलक होतो, पाणी आटत जाते तसे खळग्यांतले क्षार दाट होतात, आणि अनेक दशके टिकलेला पत्रा थोड्याच काळात पापुद्र्यांसारखा सुटू लागतो.

गोड्या पाण्यात क्लोराइड कमी, म्हणून सरोवरे समुद्रापेक्षा दयाळू. थंड प्रदेशातील खोल सरोवरांच्या तळाशी पाणी 4 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, हेही धातूच्या पथ्यावर पडते. नॉर्वेच्या म्योसा सरोवरात 1945च्या एप्रिलमध्ये बुडालेले हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान 1995मध्ये दोनशे मीटरहून अधिक खोलीतून वर काढता आले, ते यामुळेच. मात्र कॅनडातील ट्रेंटन येथे त्याची पुनर्बांधणी पूर्ण व्हायला 2005 उजाडले. छायाचित्रे एका मोहिमेची, काम दहा वर्षांचे.

खाऱ्या पाण्याची गोष्ट आणखी अवघड. इंग्लंडच्या गुडविन सँड्स येथे 1940मध्ये पडलेले जर्मन डॉर्निअर-17 हे विमान जून 2013मध्ये उचलले गेले. ते उचलण्याआधीच कॉसफर्डच्या संग्रहालयात आच्छादित बोगदे उभारलेले होते. त्यांत सौम्य सायट्रिक आम्लाच्या द्रावणाचे फवारे सतत मारून साचलेला थर आणि क्लोराइड हळूहळू काढायचे, ही पद्धत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांसोबत आधी ठरवली गेली होती. क्रेन नंतर आली, रसायनशास्त्र आधी. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

आणि कधीकधी न उचलणे हाच निर्णय असतो. अमेरिकेच्या लेक मीडमध्ये 1948च्या जुलैत एक बी-29 बुडाले. ते बॉम्ब नव्हे, उच्च वातावरणाच्या संशोधनाची उपकरणे घेऊन उडत होते. पाचही जण वाचले. विमान आजही तळाशी आहे. तेथेही ते सुखरूप आहे असे नाही. क्वागा जातीच्या शिंपल्यांनी त्याला वेढले आहे, दुष्काळाने सरोवराची पातळी घटली आहे. तळाशी ठेवणे म्हणजे विसरणे नव्हे. त्यावरही लक्ष ठेवावेच लागते.

आता आपल्याकडे. 22 जुलै 2016 रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले हवाई दलाचे एएन-32 विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. जानेवारी 2024मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी यानाने त्याचे अवशेष सुमारे 3,400 मीटर खोलीवर टिपले. तेथे दाब वातावरणाच्या सुमारे 340 पट असतो. साडेसात वर्षे वाट पाहणाऱ्या कुटुंबांना निदान ठिकाण कळले. शोधणारा डोळा आपल्यापाशी आहे, हे या मोहिमेने दाखवले.

पण शोधाच्या पुढची तयारी? दुसऱ्या महायुद्धात चेन्नईजवळच्या रेड हिल्स तलावावरून कॅटलिना जलविमाने उडत. आसाम-चीन ‘हंप’ मार्गावर शेकडो विमाने कोसळली. उद्या एखादे आपल्याच जलाशयात सापडले तर? 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू किमान 100 वर्षे जुनी असल्याशिवाय ती पुरावस्तू ठरत नाही. म्हणजे 1942चे विमान 2042पर्यंत कायद्याच्या लेखी भंगारापेक्षा फारसे वेगळे नाही. दगडी मूर्ती तोवर थांबू शकते. ड्युरॅल्युमिन थांबत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. विसाव्या शतकातील धातूच्या वारशासाठी ही वयोमर्यादा शिथिल करावी. चेन्नईची महासागर संस्था, लखनौची सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आणि हवाई दल यांनी मिळून कार्यपद्धती आत्ताच लिहून ठेवावी : आधी जागेवर नोंद, मग पाण्याची तपासणी, मग उचलायचे की नाही याचा निर्णय. कौशल्याची वाण आपल्याकडे नाही. ब्रिटिशांनी कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर विमाने बंगळूरच्या कारखान्याने पुन्हा उडती केली आणि हवाई दलाने ती 1968पर्यंत वापरली.

संरक्षणाचा पुढील दहा वर्षांचा खर्च ज्या प्रस्तावात लिहिलेला नाही, त्या प्रस्तावावर उचलण्याची परवानगी देऊ नये. त्या विमानात कुणाचा तरी शेवटचा प्रवास झाला असेल, तर त्या माणसांचा एवढा मान आपण राखायलाच हवा.