तारेवरचं पांघरूण



घारापुरी बेट आमच्या उरण तालुक्यातलं. लेण्यांमुळे जगाला ठाऊक, पण तिथल्या घरांत स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं दिवे लागायचे ते संध्याकाळी काही तास, जनरेटरवर. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्रतळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज पोचली. पुढे जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात विजेचे खांब आडवे केले. तेव्हापासून 'तारा जमिनीखाली घाला' ही मागणी जोर धरून आहे. मागणी रास्तच आहे. पण घालायचं काय, हे कोणी विचारतं का?

मी भाषेचा मास्तर, पण कुतूहलाला विषयाचं बंधन नसतं. उच्च दाबाच्या आजच्या बहुतेक केबलींवर पॉलिथिनचं आवरण असतं, आपल्या पिशवीच्याच कुळातलं. त्यात डायक्युमिल पेरॉक्साइड घालून तापवलं की त्याचे सुटे धागे एकमेकांत गुंफले जातात. साधं पॉलिथिन 70 अंशांपर्यंत काम देतं, गुंफलेलं 90 अंश सोसतं.

त्याचा वैरी म्हणजे पाणी. ओल आणि विजेचा दाब एकत्र आले की आवरणात वर्षानुवर्षं सूक्ष्म फांद्या फुटत जातात. याला 'वॉटर ट्री' म्हणतात. पहिल्या पिढीतल्या कितीतरी केबली यापायी अकाली गेल्या. मग 1980 च्या दशकात या फांद्यांची वाढ रोखणारे पदार्थ आवरणात मिसळलेल्या केबली आल्या. 2015 मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी कार्बनच्या सूक्ष्म चेंडूंसारखे रेणू किंचित मिसळून पाहिले, तर आवरण 26 टक्के जास्त दाब सोसू लागलं. वरणातल्या हिंगासारखंच हे, चिमूटभर, पण नसलं की कळतं.

आता आमची जमीन पाहा. एकीकडे खाडी नि मिठागरं, दुसरीकडे चार महिने पाण्यात उभी भातशेती. इथे केवळ कमी दराची निविदा पाहून केबल घेणं म्हणजे पावसाळ्यात कागदी छत्री घेणं. चांगलं आवरण महाग पडतं, हे मान्य. पण खांबावरची तार तुटली तर दिसते. जमिनीतला बिघाड आधी शोधावा लागतो, मग रस्ता खणावा लागतो. समुद्रातला तर विचारूच नका.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की केबल पुरण्याआधी तिचं आवरण कोणतं, पाण्यातली चाचणी झाली का, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. एकदा माती लोटली की विचारणार कोणाला?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.